डाव बरोबरीत सुटला नव्हता

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. माझा धाकटा भाऊ दिगू गेला त्याला महिना उलटला. छातीत कळ आली आणि मालवणला नेईपर्यंत सगळं संपलं. बाराव्याला जो तो एकच बोलत होता, दिगूचा जीव धामापूरच्या मातीत होता. त्याची बायको सुलभासुद्धा म्हणाली, "ह्येंका खंयच जावक नको होता, दादानू." मी पानावरून तसाच उठलो. मातीत जीव म्हणे! त्याला जायचं होतं. मी जाऊ दिलं नाही.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची गोष्ट. मामा जहाजावर होता, त्याने बॅकगॅमनचा पट आणून दिला होता. प्रत्येकाच्या पंधरा सोंगट्या. फासे टाकत त्या आपल्या घरात आणायच्या आणि मग उचलायच्या, ज्याच्या आधी संपतील तो जिंकला. दिगू माझ्यापेक्षा कितीतरी चांगला खेळायचा. माझी सोंगटी मारली की गंभीर चेहऱ्याने म्हणायचा, "दादा, तुझो एक माणूस पाण्यात पडलो."

त्याच वर्षी मामाने निरोप धाडला की एकाला जहाजावर लावतो. वडिलांना, आबांना दमा, भात नि काजू बघायला एकाने मागे राहणं भागच होतं. मूर्तीला दोन पाकळ्या चिकटवून आबांनी देवीला कौल लावला, उजवीकडची पाकळी पडली तर दिगू जाईल, डावीकडची पडली तर मी. संध्याकाळपर्यंत दोन्ही पाकळ्या मूर्तीला चिकटलेल्याच. पुढच्या अमावास्येला पुन्हा विचारा, गुरव म्हणाला. जहाज थोडंच थांबणार होतं? दिगूनेच तोड काढली. पटावर एकच डाव खेळायचा, जिंकेल तो जाईल. आबांनाही ते पटलं. फासेही देवीच्याच मर्जीने पडतात, असं त्यांचं म्हणणं.

घरापुढच्या खळ्यात बसलो. आबा म्हशीला पेंड घालायला गोठ्यात गेले होते. शेवटी दिगूच्या दोन सोंगट्या उरल्या, दोन्ही अगदी कडेला. कुठलंही दान पडलं तरी त्या उचलल्या जाणार होत्या. माझ्या पाच बाकी होत्या, आणि पाळी त्याची. त्याने फासे हातात घेतले... आणि मी उठलो. पाय लागल्यासारखा गुडघा पटावर घातला. सोंगट्या खळंभर झाल्या.

आबा बाहेर आले. "कोण जिकलो?"

दिगू माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "बरोबरीत सुटलो, आबा."

आबांना पाकळ्यांचा हिशेब ठाऊक, या खेळाचा नाही. "म्हणजे हय पण कौल जावक नाय. मगे थोरलो जातलो," ते म्हणाले आणि आत गेले. दिगू वाकून सोंगट्या वेचू लागला.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो याचाच. का नाही बोलला? आबांना हाक मारून एक वाक्य सांगितलं असतं तर माझी काय टाप होती? मी लबाड होतो, पण त्याने गप्प बसून मला जन्मभर लबाड ठेवलं. मी जहाजावर गेलो, जग बघितलं. तो आबांना औषधं देत राहिला, काजू वेचत राहिला. सुट्टीवर आलो की जेवणं झाल्यावर दिगू तोच पट मांडायचा. मी हरायला लागलो की म्हणायचो, झोप आली रे, सोडून देऊ, बरोबरी समज. तो फासे माझ्यापुढे सरकवायचा. "पुरो कर, दादा. ह्या खेळात बरोबरी नसता." आवाज चढवायचा नाही, हसायचाही नाही. शेवटची सोंगटी उचलेपर्यंत मला उठू द्यायचा नाही. दर सुट्टीत हेच. एकदा तरी शिव्या घालायच्या होत्यास रे... मी त्या निमूट खाल्ल्या असत्या.

परवा जामसंड्याचे एक नातेवाईक सांत्वनाला आले. दिगूला गावाची ओढ, असं त्यांनीही सुरू केलं. मी त्यांना गप्प बसा म्हणालो, फार वाईट आवाजात. सुलभा चहा घेऊन दारात उभी होती. तिला वाटलं, दुःखाने बोललो.

तो डाव दिगू जिंकला होता. हे सुलभाच्या समोर बसून, माझ्या तोंडाने सांगायचं देणं मी लागतो. इथे लिहिल्याने ते फिटलेलं नाही.