वहीत नसलेला प्रश्न

लातूरला माझा प्रोग्रॅमिंगचा क्लास आहे. नवी मुलं विचारतात, "सर, सुरुवात कशानं करू?" तेव्हा मला चाकूरची एक मुलगी आठवते. तिला मी चुकीचं शिकवलं आणि त्याचा दोषही तिच्यावरच टाकला. दुसरी गोष्ट मला जास्त टोचते.

माझी पद्धत गावाला साजेशी होती. चाळीस प्रोग्रॅम वहीत लिहून द्यायचे, मुलांनी ते पाठ करायचे, शनिवारी कागदावर परीक्षा. आणखी एक सवय होती, जी मी कुणाला सांगितली नव्हती. उद्याचा प्रोग्रॅम मी आदल्या दिवशी घरी चालवून बघायचो, त्यातल्या चुका काढायचो आणि मग वर्गात पडद्यावर दाखवायचो. तो पहिल्याच फटक्यात चालायचा. मुलं थक्क व्हायची. मला ते आवडायचं.

ही मुलगी रोज एसटीनं यायची. घरी सोयाबीन-तुरीची शेती, आणि घराण्यात कॉम्प्युटर शिकणारी ती पहिलीच. चाळीसही प्रोग्रॅम तिला कंसासकट पाठ होते. पुण्याला मुलाखत आली तेव्हा मी छातीठोकपणे म्हणालो, "तुझं झालंच समज."

मुलाखतीत तिला आकड्यांच्या यादीतला सगळ्यात मोठा आकडा शोधायला सांगितला. तिनं झरझर लिहून दिला. मग ते म्हणाले, आता दुसऱ्या क्रमांकाचा मोठा शोधा. ती थांबली आणि खरं तेच बोलली, "हे आमच्या वहीत नव्हतं."

दुसऱ्या दिवशी वडील तिला घेऊन क्लासवर आले. टोपी हातात घेऊन म्हणाले, "सर, खरं सांगा. पोरीला जमंल का न्हाई? न्हाई जमत तर दुसरं बघू."

त्या वेळी मी सांगायला हवं होतं की मी तिला पाठ करायला लावलं, विचार करायला नाही. मी म्हणालो, "हे काम सगळ्यांनाच जमतं असं नाही."

ती शेजारीच उभी होती. तिनं मान खाली घातली. वडील "बरं" म्हणाले आणि दोघं गेले.

काही महिन्यांनी, मनाची समजूत घालायला म्हणून, मी तोच प्रश्न नव्या वर्गाला घातला. कुणीही विचार करायला लागलं नाही. सगळ्यांनी वह्या उघडल्या. तो पानांचा आवाज ऐकून मी खुर्चीत बसलो. पुढच्या रविवारी चाकूरची एसटी पकडली.

दार तिच्या आईनं उघडलं. "या सर. पोरगी आता सरकारी भरतीचा अभ्यास करायलीय." आत ती जाडजूड पुस्तकं घेऊन बसली होती. मी उभ्या उभ्याच बोललो. चूक माझी होती, तिची नव्हती, तिच्या वडिलांशी मी खोटं बोललो.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सर, हे पाठ करून आलात का?"

आई ओरडली, "अगं, सरांला असं बोलतेत का?" पण मला बरं वाटलं. एसटीत मी खरंच दोनदा म्हणून बघितलं होतं.

"क्लाससाठी घेतलेला तो लॅपटॉप काढ," मी म्हणालो. "तो दुसरा आकडा शोधू. मीही तयारी करून आलेलो नाही."

मी लिहिलं आणि चालवलं. तिनं मुद्दाम नऊ, नऊ, चार असे आकडे टाकले. उत्तर चार यायला हवं होतं, आलं नऊ.

"सर, तुमचंबी चुकतंय की!"

"रोज चुकतं. पुण्यात आठ वर्षं नोकरी केली, तिथंही रोज चुकायचं."

"मग वर्गात कधी कसं न्हाई चुकलं?"

मी सांगितलं. ती हळूच म्हणाली, "आम्हाला वाटायचं, ज्याचं चुकतं तो ह्या कामाचा न्हाई."

माझ्या सगळ्या शिकवण्याचा निकाल त्या एका वाक्यात होता. आज नव्या मुलांना मी जे काही सांगतो, ते त्या वाक्यापासून सुरू होतं. चुकेल. मशीन काय म्हणतं ते शांतपणे वाचा. आधी हातानं करून बघा, मग लिहा. येत नसेल तर येत नाही म्हणा आणि शोधायला लागा.

त्या दुपारी तिनंही तसंच केलं. कागदाच्या चिठ्ठ्यांवर आकडे लिहून त्या फरशीवर मांडल्या आणि एकेकीवरून बोट फिरवत पुटपुटू लागली. "हा मोठा. हा त्याच्याएवढाच, म्हणून सोडायचा. हा लहान, म्हणून हा दुसरा." बोट जे करत होतं तेच तिनं लिहिलं. या वेळी उत्तर चार आलं.

पुढं दीड वर्षानं तिला नांदेडला एका छोट्या कंपनीत नोकरी लागली. ते श्रेय तिचं. माझ्या लक्षात राहिली ती दुपार, कारण चार आल्यावरही ती थांबली नाही. पडद्याकडं बघत म्हणाली, "आणि यादीत एकच आकडा असला तर?"

प्रोग्रॅमबद्दल तिनं स्वतःहून विचारलेला हा दोन वर्षांतला पहिलाच प्रश्न. उत्तर मला ठाऊक होतं. सवयीनं माझा हात पुढं गेला.

तिनं लॅपटॉप आपल्याकडं ओढून घेतला. "थांबा सर. सांगू नका."

मी हात मागं घेतला.