वॉर्डातलं बाळ

त्या घरातून कुकरची शिट्टी कधी ऐकू येत नाही, हे शेजाऱ्यांच्या लवकरच ध्यानात आलं. भिंतीला भिंत लागलेली घरं. एकाने शिंकावं आणि दुसऱ्याने रुमाल काढावा, इतकी जवळ. कोणी म्हणायचं, बाई चिक्कू आहे. कोणी म्हणायचं, नर्स होती ना, काहीतरी खूळ डोक्यात बसलं असेल. समोरच्या काकूंचं मत सर्वांत ठाम होतं. "पातेल्यात शिजवते, आणि शिजेपर्यंत त्यापाशी उभी राहते. जणू भात उठून पळून जाणार आहे!"

दारावरची घंटाही तिने काढून टाकली होती. घरात गजराचं घड्याळ नव्हतं, फोन कायम मुका. सासूबाईंना ऐकू येत नसे, त्यामुळे त्यांची काही तक्रार नव्हती. कानाचं यंत्र आणू या म्हटलं की त्या हात झटकत. "कशाला? या घरात ऐकण्यासारखं उरलंय काय?"

हे त्या थट्टेने म्हणत. सुनेला मात्र ते हसण्यावारी नेता येत नसे.

ती ज्या वॉर्डात कामाला होती, तिथे ऑपरेशन झालेले रुग्ण आणले जात. त्यांच्या बोटाला एक चिमटा लावलेला असे आणि त्याची तार खाटेशेजारच्या मशीनला जोडलेली असे. श्वास मंदावला, रक्तातला प्राणवायू घटला, की मशीन वाजू लागे. पण रुग्णाने कूस बदलली, चिमटा सरकला, नुसता हात गार पडला, तरीही ते वाजेच. लांडगा आला रे आला म्हणून ओरडणाऱ्या पोरासारखी त्याची गत झाली होती. वॉर्डात त्याला 'बाळ' म्हणत. "बाळ रडतंय, बघा गं कोणीतरी," अशी हाक आली की कोणीतरी जायचं आणि मशीनच्या पाठीमागची आवाजाची खुंटी शेवटपर्यंत फिरवून यायचं. याला बाळ झोपवणं म्हणत. तिला ते मेट्रनबाईंनी पहिल्याच आठवड्यात, पाठीवर हात ठेवून शिकवलं होतं. पुढे तिने तितक्याच मायेने नव्या मुलींना शिकवलं. मोठे डॉक्टर राउंडला येत तेव्हा रुग्णापाशी पोहोचण्याआधीच म्हणत, "त्या बाळाला गप्प करा आधी, मग बोलू." चांगली मशीनं मागवायला हवीत, एका वॉर्डाला एकटी सिस्टर पुरत नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. जे सगळ्यांना ठाऊक असतं, ते सांगायला कोणी जात नाही.

तो रुग्ण शिंपी होता. पोटाचं साधं ऑपरेशन. सकाळी गुंगीतून पुरता बाहेर येतो न येतो तोच त्याने तिच्या गणवेशाकडे पाहून विचारलं होतं, "सिस्टर, ही कॉलर शिवली कोणी? त्याला माझ्याकडे शिकायला पाठवा, नाहीतर इथेच दाखल करून घ्या." आजूबाजूच्या खाटांवरचे लोक टाके सांभाळत हसले होते. दुपारी वेदना वाढल्या म्हणून त्याला इंजेक्शन दिलं गेलं आणि त्याचे डोळे मिटू लागले. मशीन वाजत होतं. उशाशी बसलेली त्याची बायको संकोचाने म्हणाली, "सिस्टर, तेवढं बंद करता का? कालपासून त्यांच्या डोळ्याला डोळा..."

वाक्य पुरं होण्याआधीच तिचा हात मशीनच्या मागे गेला होता.

जोडीची सिस्टर खालच्या वॉर्डात पाठवलेली. पलीकडच्या टोकाला एका म्हाताऱ्याच्या टाक्यांतून रक्त येऊ लागलं, ती तिकडे धावली. परत आली तेव्हा बायको तशीच बसून होती. तिने ओठांवर बोट ठेवलं आणि अगदी हळू म्हणाली, "आत्ता कुठे छान झोप लागलीय."

सिस्टरने त्याचा हात उचलला. नखं निळी पडली होती.

पोलिसांत तक्रार त्या बायकोनेच दिली. हॉस्पिटलने त्याच आठवड्यात सिस्टरला घरी बसवलं. पुढे खटला उभा राहिला आणि तिच्याकडे दोन वकील येऊ लागले. हॉस्पिटलचा वकील गोड बोलायचा. "ताई, मशीन तुमच्या मनाने बंद केलंत एवढं कबूल करा. शिक्षा कमी व्हावी म्हणून आम्हीच रदबदली करू. नंतर कपड्यांच्या विभागात घेऊ तुम्हाला. हॉस्पिटलला मध्ये ओढलंत, तर मग आमचेही हात बांधलेले." तिचा स्वतःचा वकील याच्या अगदी उलट. "तुम्ही 'मी' हा शब्दच तोंडातून काढू नका. व्यवस्था म्हणा, अपुरे कर्मचारी म्हणा. आणि मुख्य म्हणजे, त्यांच्या बायकोनेच सांगितलं होतं, हे ठासून सांगा. तिथे केस आपल्याकडे फिरते."

"कोणाचं ऐकणार आहेस?" नवऱ्याने एकदा विचारलं.

"दोघंही अर्धंच सांगायला सांगतायत," ती म्हणाली, आणि पातेल्यापाशी जाऊन उभी राहिली.

वाजणारी प्रत्येक वस्तू तिला तोवर सोसेनाशी झाली होती, हे खरं. पण त्याहून वाईट होती ती शांतता. घर निजलं, सगळं निवांत झालं, की ती दचकून उठे, सासूबाईंच्या छातीवर हात ठेवून श्वास चालू असल्याची खात्री करून घेई. सासूबाई डोळे न उघडताच म्हणत, "आहे गं बाई, आहे अजून. झोप जा." छान झोप लागलेल्या कोणत्याही माणसावर तिचा विश्वास उरला नव्हता.

साक्षीच्या दिवशी आधी मेट्रनबाई पिंजऱ्यात उभ्या राहिल्या आणि, "आमच्याकडे अशी पद्धत कधीच नव्हती," असं स्वच्छ आवाजात सांगून उतरल्या. जाताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. मग जेवणाची सुट्टी झाली. बाहेरच्या बाकावर ती बसली होती, तेव्हा शिंप्याची बायको येऊन शेजारी टेकली. सबंध खटल्यात पहिल्यांदाच.

"मी बोलले होते ते कोणाला सांगितलंत?" बायकोने विचारलं.

"वकिलाला. त्याने विचारलं म्हणून."

"मी माझ्या मुलांनासुद्धा नाही सांगितलेलं." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "तक्रार लिहून घेताना त्यांनी विचारलं, कोणावर संशय? तुमचंच नाव तोंडात आलं. दुसऱ्या कोणाचं घेणार होते? माझं?" मग ती सिस्टरकडे वळली. "खरं सांगा सिस्टर, मी म्हटलं म्हणूनच बंद केलंत ना? मी गप्प बसले असते तर ते आज..."

उत्तर द्यायच्या आतच पुकारा झाला.

पिंजऱ्यात उभी राहिल्यावर तिला आपला वकील दिसला. त्याने मान किंचित हलवून 'आता' अशी खूण केली. हॉस्पिटलचा वकील कागद चाळत हसत होता. तिची नजर त्या दोघांवरून मागच्या बाकावर गेली. शिंप्याची बायको खाली मान घालून, हातोडा पडण्याची वाट पाहावी तशी बसली होती. त्या दालनातलं घड्याळ ठक ठक वाजत होतं आणि, फार दिवसांनी, तिला त्याचं भय वाटलं नाही.

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "मशीनचा आवाज तुम्ही स्वतःहून बंद केलात की कोणाच्या सांगण्यावरून? एकच काय ते सांगा."

"एक नाही सांगता येणार, साहेब. हात माझाच होता, ते मी नाकारत नाही. या बाई बोलल्या नसत्या तरी मी ते बंद केलंच असतं, आम्ही सगळ्याच करायचो; मला ते आत्ता साक्ष देऊन गेलेल्या मेट्रनबाईंनी शिकवलं आणि मी पुढे आणखी मुलींना शिकवलं. मला काय द्यायची ती शिक्षा द्या, पण आधी कोणालातरी तिथे पाठवा. आत्ता दुपार आहे, आत्तासुद्धा तिथे कोणीतरी ते बंद करतंय."