पाच नंबरचे महिपतीआबा

बेडशाच्या महिपतीआबांना टेबलावर बॉल मारायचा पूल खेळता येत नव्हता, आणि ही गोष्ट त्यांच्याखेरीज अख्ख्या लोणावळ्याला ठाऊक होती. बंगलेवाल्यांच्या नादाने पन्नाशीत क्यूची काठी हातात धरली. पण टेबलाभोवती असे फिरायचे, की जणू बांध कुणी कोरलाय ते बघताहेत.

हौशी खेळाडूंची लीग निघाली तेव्हा संघाला टी-शर्ट आबांनी दिले. म्हणजे संघात आबा आलेच. कर्णधार त्यांचा पुतण्या आदिनाथ, चिक्कीच्या दुकानात काउंटरवर असायचा आणि खेळात पट्टीचा होता. लीगचा नियम सोपा. प्रत्येकाला कुवतीप्रमाणे नंबर, तगड्याला मोठा. जेवढा नंबर, तेवढे गेम समोरच्याच्या आधी पुरे केले तरच सामना आपला. तिघांचा संघ, आणि तिघांच्या नंबरांची बेरीज तेराच्या वर जाता कामा नये. त्यामुळे दोन तगडे घेतले, की एक कच्चा घ्यावाच लागे. आदिनाथ सहा, ठाकरवाडीचा सनी पाच, आबा दोन. संघ अगदी तंतोतंत बसला होता.

आबांच्या जिवाला मात्र ते लागलं. गेल्या पावसाळ्यापर्यंत ज्याला ते भातलावणीला बोलवायचे, त्या सनीला पाच आणि आपल्याला दोन! "मी गेल्याबिगर गावात मीटिंग सुरू व्हत न्हाई," ते आदिनाथला म्हणाले, "आन हितं मला दोन?"

ते थेट लीगच्या सेक्रेटरीकडे गेले. सत्यम त्याचं नाव. बाकीचे संघ आपल्या चांगल्या खेळाडूंचा नंबर पाडून घ्यायला त्याच्या मागे लागत. चढवून मागणारा माणूस तो पहिल्यांदाच बघत होता. तसं करू नये असा नियम करायचं कुणाला सुचलंच नव्हतं. त्याने आबांच्या नावापुढे पाच लिहून टाकले.

आता बेरीज फुगली, म्हणून सनीला घरी बसवलं. त्याच्या जागी चिक्कीच्या दुकानातला एक नवशिका गडी आला, दोन नंबरचा. संघ हरत हरत शेवटच्या सामन्याला पोचला. हा हरला, की लीगबाहेर.

आदिनाथ जिंकला, गडी हरला. सगळं आबांवर आलं. समोर पिंकी नावाची कॉलेजातली लाजरी पोरगी, नंबर दोन. आबांनी पहिले दोन गेम घेतले. एक तिने घेतला. पुढचे दोन पुन्हा आबांचे. खरं सांगायचं तर आयुष्यात ते इतकं सुरेख कधी खेळले नव्हते, आणि म्हणूनच जास्त वाईट वाटतं. त्यानंतरच्या गेममध्ये पिंकीने शेवटचा काळा बॉल हळूच पॉकेटात ढकलला. तिचे दोन झाले. सामना तिचा, आणि संघ बाहेर.

"आबा, दोन नंबर असता तर पयल्या दोन गेमातच जिकला असता तुमी," आदिनाथ म्हणाला.

आबांनी ते कानामागे टाकलं. चार गेम मारले होते त्यांनी. पुढच्या हंगामाला आपला नंबर सहा करा, असं त्यांनी तिथल्या तिथे सत्यमला बजावलं.

आदिनाथने मान खाली घातली. "सनीला परत घेतोय. मी आन तो मिळून अकरा. आमाला आता दोनचा माणूस पायजे."

आबांनी मायेने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "घे की एखादा. दोनवाल्यांना काय तोटा हाय का?"