अनसूयाबाईंचा घाम
२००३ साली अनसूयाबाई फिनलंडमधल्या लेकाकडून निर्मळला परतल्या आणि धुरावर केळी पिकवायच्या खोलीला आतून फळ्या ठोकायला घेतल्या. लेकाच्या घरी सॉना होता. तापलेल्या दगडांवर पाणी टाकायचं आणि वाफेत बसायचं. तिथे त्यांचे आखडलेले गुडघे मोकळे झाले होते. इथली खोली तर धूर कोंडायलाच बांधलेली, एक खिडकी नाही. आणखी काय हवं?

ऐन उकाड्यात घाम काढायला खोली? गाव पोट धरधरून हसलं. हसेना का!

समुद्रावरून आणलेले दगड मात्र तापताच फुटले. बाईंनी पडवीतलं जुनं जातं ओढलं, घणाने फोडलं आणि तुकडे खोलीत मांडलेल्या चुलीवर रचले.

गुरुदत्तराव, त्यांचे यजमान, दारातच कडाडले, "अगं, गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस! घामच गाळायचाय तर बागेत ये की!"

"बागेत गाळला. या जात्यावर गाळला. तो सगळा तुमच्या घरासाठी होता, अहो. हा माझा."

बाईंनी दार आतून लावून घेतलं आणि तांब्याभर पाणी जात्याच्या तुकड्यांवर ओतलं.