पांढऱ्या शिंगावरचं नाव

एवेलिओ रेकाल्देचा उजवा हात कापायला लागला तेव्हा त्याने सगळ्यात आधी काय केलं, तर तो हात पँटच्या खिशात घातला. पिरिबेबुयमध्ये कोणी विचारलंच तर म्हणायचा, चिल्लर शोधतोय. माणूस वर्षभर चिल्लर शोधतोय म्हटल्यावर लोकांना कळायचं ते कळलंच, पण गाव भलं होतं. तोंडावर कोणी बोललं नाही.

त्या हाताशिवाय त्याच्याकडे दुसरं होतं तरी काय? बैलाचं शिंग कापायचं, उकळायचं, घासूनपुसून त्याचा तेरेरे, म्हणजे गार पाण्यातला पाल्याचा चहा, प्यायचा पेला, म्हणजे ग्वाम्पा करायचा आणि त्यावर घेणाऱ्याचं नाव कोरायचं, यात त्याचा जन्म गेला होता. मुलाचं लग्न ठरलं की आधी एवेलिओकडे नाव टाका, मग अंगठीचं बघा, असं लोक थट्टेने म्हणत. एवेलिओला ती थट्टा वाटत नसे. त्याला ते अगदी रास्त वाटे.

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती मुलगी सुनिल्दा ब्वेनोस आयरेसला दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांची उठबस करून पोट भरत होती, त्यामुळे तिच्यापासून असलं काही लपवणं म्हणजे पोलिसापासून चोरी लपवण्यासारखंच होतं. तिने ते व्हिडिओ कॉलवरच पकडलं.

"बाबा, तुमचा चेहरा असा का हलतोय?"

"वारा सुटलाय."

"घरात?"

एवेलिओने फोन मडक्याला टेकवून ठेवला आणि हात पाठीमागे घेतले. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. सुनिल्दा म्हणाली, "डिसेंबरात येतेय मी. परतीची दोन तिकिटं काढलीत. एक तुमचं."

"मला कसं जमेल? गावच्या फुटबॉल क्लबचं काम घेतलंय मी. सगळ्या खेळाडूंच्या नावांचे ग्वाम्पे, पांढऱ्या शिंगाचे."

"आणि कोरणार कोण?"

"मग काय तू कोरणार?"

 सुनिल्दा म्हणाली, "ठीक. मी येईन तेव्हा ते काम पुरं झालेलं दिसलं, तर तिकिटाचा विषय काढणार नाही. शब्द देते."

फोन बंद झाला. काम त्याने खरंच घेतलं होतं. नाही म्हटलं असतं तर का नाही हे सांगावं लागलं असतं, म्हणून घेतलं होतं. आणि ब्वेनोस आयरेस? पाचव्या मजल्यावरची खोली, खाली अंगण नाही, आंब्याचं झाड नाही, आपलं नाव माहीत असलेला एक माणूस नाही. त्यापेक्षा मेलेलं बरं, असं त्याला वाटायचं, आणि ते तो काही उगाच म्हणायचं म्हणून म्हणत नव्हता.

ही गोष्ट त्याने एकाच माणसाला सांगितली. सिंदुल्फो, सुनिल्दाच्या बाप्तिस्म्यातला धर्मपिता, म्हणून एवेलिओचा कोंपाद्रे, भावासारखा. तांत्रिक शाळेतून निवृत्त झालेला हा मास्तर हौसेने घरी सीएनसी मशीन जोडून बसला होता. टेबलावर मावेल एवढं, कॉम्प्युटरने सांगितलं तसं लाकूड कातणारं. दोघांनी ते एवेलिओच्या कारखान्यात आणून शिंगावर चालवून पाहिलं. कातायचं टोक शिंगाच्या गोलाईवरून घसरलं आणि शिंग उभं तडकलं.

"टोक काढून टाकू," सिंदुल्फो म्हणाला. "तिथे लेझर बसवू. डायोडचा, स्वस्तातला. तो शिंगाला हात लावत नाही, नुसतं जाळतो."

मग आंब्याखाली बसून फोनवर लेझर बघणं सुरू झालं. एकापेक्षा एक आकडे. एवेलिओचं बोट सारखं ऐंशी वॉटच्या एका भलत्याच स्वस्त लेझरवर जायचं.

"अरे, तो आकडा भिंतीतून खाल्लेल्या विजेचा आहे, बाहेर पडणाऱ्या उजेडाचा नव्हे," सिंदुल्फो वैतागला. "माणूस किती जेवतो यावरून तो काम किती करतो ते ठरतं का?"

"तुझ्यावरून तर मुळीच नाही."

"थट्टा पुरे. उजेडाचे खरे वॉट विचार. पाच असले तरी आपलं भागेल. आपल्या मशीनच्या भोकांना बसेल असा बघ. फुंकर मारायची नळी असलेला घे, नाहीतर शिंगाचा धूर भिंगावर बसून चार दिवसांत आंधळा होईल तो. आणि चष्मा नारिंगीच हवा. फुकट देतात म्हणून कुठलाही उचलू नकोस."

एवेलिओने हे सगळं पाठ केलं. सिंदुल्फोची कंबर धरली होती, त्यामुळे सीमेवरच्या सिउदाद देल एस्तेच्या बाजाराला त्याला एकट्यानेच जावं लागणार होतं. निघताना सिंदुल्फोने बजावलं, "दुकानातल्या प्लायवूडवर भुलू नकोस. स्वतःचं शिंग ने आणि त्यावर चालवून घे."

एवेलिओने शिंग नेलं. पण कुठलं? कामाच्या फळीवर पांढऱ्या कोऱ्या शिंगांची रांग लागलेली होती. त्यातलं एक उचलावं हे त्याच्या स्वप्नातही आलं नाही. परक्याच्या दारात जायचं, तो बर्फाचं पाणी पुढे करणार, तेरेरे फिरणार, आणि आपण पिशवीतून कोरं, न मुरलेलं शिंग काढायचं? त्याने त्याच्या बापाचा ग्वाम्पा घेतला. काळ्याभोर शिंगाचा, चांदीच्या काठाचा, वर्षानुवर्षं मुरलेला. जिथे इज्जतीचा प्रश्न तिथे एवेलिओ तोच काढायचा.

दुकानदार रोलांदो भला निघाला. आधी दोघं प्यायले. एवेलिओने ग्वाम्पा दोन्ही हातांनी छातीशी धरला होता, तो मान म्हणून, असं रोलांदोला वाटलं असावं.

"कराई," रोलांदो आदराने म्हणाला, "हा दहा वॉटचा आणि हा पाचचा. पाच म्हणजे खरे पाच, डब्यावर काय लिहिलंय ते बघू नका. कशावर चालवणार?"

"शिंगावर. ह्यावर चालवून दाखवा."

पाच वॉटवाल्याने काळ्या शिंगावर निळा ठिपका टेकवला आणि बघता बघता एवेलिओच्या नावाची दोन अक्षरं करड्या रेघेत उमटली. एक रेघ हलली नाही. आपला हात इतका स्थिर कधी होता ते एवेलिओला आठवेना, आणि त्याला तिथेच रडू फुटेल असं झालं.

"माझा माल पांढरा आहे," तो म्हणाला.

"काळ्यावर एवढं दिसतंय, तर पांढऱ्यावर काय उठून दिसेल!" रोलांदो म्हणाला. बोलणाऱ्याला तेवढीच अक्कल होती आणि ऐकणाऱ्यालाही. दहावाला परवडण्यासारखा नव्हताच. एवेलिओने पाचवाला घेतला, नारिंगी चष्मा घेतला, नळी घेतली आणि परतीच्या बसमध्ये चीज घातलेल्या एका चिपा पावावर दिवस काढला.

घरी आल्यावर दोघांनी तो मशीनवर बसवला. भोकं जुळली, तारा जुळल्या. पांढरं शिंग खोबणीत ठेवलं, गोलरक्षकाचं नाव दिलं. निळा उजेड नावभर फिरला, आपल्या जागी परत गेला आणि शिंग होतं तसंच राहिलं. साधा ओरखडाही नव्हता. वेग कमी केला. काही नाही. आणखी कमी केला, तेव्हा एका जागी पिवळट डाग पडला आणि कारखाना जळक्या केसांच्या वासाने भरला.

सिंदुल्फोने चष्मा काढून कपाळावर हात मारला. "निळा उजेड काळं असेल ते पितं आणि पांढरं असेल ते त्याला परत हाकलतं! तू तिकडे कुठल्या शिंगावर बघितलंस?"

एवेलिओने खुंटीवरच्या काळ्या ग्वाम्पाकडे बोट केलं. 

"गाढवा! माल दाखवायला पाठवला होता तुला, तोंड दाखवायला नव्हे!"

"मग काय कोरं शिंग घेऊन जाऊ परक्याच्या दुकानात? त्याने पाणी पुढे केल्यावर काय करू? त्यातून पिऊ?"

सिंदुल्फो चष्मा पुसायला लागला. तोही तेच घेऊन गेला असता.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. एवेलिओने दार लावून जुनी छिन्नी काढली, डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरलं आणि एक नाव कोरायला घेतलं. पहिल्याच अक्षराला छिन्नी सटकली. दुसऱ्या शिंगावर सटकली. तिसरं त्याने भिंतीवर फेकून मारलं. काकुपेच्या माउलीला तो म्हणाला, पाय घे, कान घे, हात दे. माउलीने ऐकलं नाही. तो जमिनीवर बसून पोरासारखा रडला, आणि आपल्याला कोणी ऐकेल या भीतीने सदऱ्याची बाही तोंडात कोंबून रडला.

उपाय सापडला तो हिकमतीने नव्हे, हट्टाने. चुलीवरची किटली उचलताना तिचं काळं बूड अंगठ्याला लागलं, ते त्याने शिंगावर तसंच चोपडलं आणि पुन्हा मशीन चालू केलं, निव्वळ रागाने. जिथे अंगठ्याचा ठसा होता तिथे नावाची रेघ जळाली, ठशाबाहेर काही नाही. एवेलिओ कितीतरी वेळ त्याकडे बघत राहिला. मग त्याने घरातल्या सगळ्या भांड्यांची बुडं खरवडली, ती काजळी गाईच्या चरबीत कालवली आणि शिंगांना फासली. फासायला कापरा हातही चालतो. नाव जळलं की फडक्याने पुसायचं, खाली पांढऱ्यावर तपकिरी अक्षरं. अक्षरंही त्याचीच होती. सिंदुल्फोने गावातले जुने ग्वाम्पे मागून आणले, त्यांचे फोटो काढले आणि एवेलिओचं अख्खं वळण कॉम्प्युटरमध्ये उतरवलं.

सुनिल्दा आली तेव्हा क्लबचे ग्वाम्पे फळीवर रांगेने उभे होते आणि कोपऱ्यातल्या मशीनवर चादर होती. तिने एक उचलला, मग दुसरा. नखाने अक्षर चाचपलं. मग बापाच्या गळ्यात पडून रडायला लागली.

"मला वाटलं होतं संपलं सगळं, बाबा. आता नाही म्हणणार मी 'चला'."

"मी सांगत होतो ना?" एवेलिओ तिच्या खांद्यावरून भिंतीकडे बघत म्हणाला. तो जिंकला होता. त्याला आनंद झाला होता आणि शरमही वाटत होती.

जेवण झाल्यावर ती म्हणाली, "थियागोसाठी एक कोरून द्या ना. माझ्या पोराकडे आजोबांचं काहीच नाही. मी बघत नाही बसणार, तुम्हाला आवडत नाही माहितेय. मी पडते जरा."

भर दुपारी अख्खं गाव झोपलेलं होतं. सिंदुल्फोही झोपला होता, आणि कॉम्प्युटरचं काम आजवर तोच करत आला होता. एवेलिओने चादर काढली. एकेक अक्षर दाबायला लागला. एकाच्या जागी दोन पडायची. ती पुसायची, पुन्हा दाबायची. घामाने सदरा अंगाला चिकटला, म्हणून त्याने तो पुढून ओढून उघडाच टाकला. नातवाचं नाव एकदाचं नीट झालं. काजळी फासलेलं शिंग खोबणीत बसवलं आणि मशीन सुरू केलं.

पंख्याची घरघर सुरू झाली. निळा ठिपका पहिल्या अक्षरावर चालू लागला. एवेलिओ हात काखेत दाबून उभा राहिला, आणि मान वळवली तेव्हा सुनिल्दा दारात होती. अनवाणी. किती वेळ उभी होती कोण जाणे.

त्याला वाटलं ती ओरडेल. खोटारडे म्हणेल. त्याने उत्तरही तयार केलं: अक्षर माझंच आहे, शिंग मी घासलंय, यातलं काय खोटं आहे? पण ती ओरडली नाही. आत येऊन स्टुलावर बसली आणि कामावर म्हाताऱ्यांशी बोलायच्या त्या हळू, सरळ आवाजात म्हणाली, "बाबा, सदऱ्याची बटणं लावा बघू."

"गरम होतंय."

"लावा."

एवेलिओने काखेतून हात काढले. सगळ्यात खालचं बटण चिमटीत पकडलं. काजाजवळ नेलं. ते निसटलं. पुन्हा पकडलं. सुनिल्दा जागची हलली नाही, मदतीला आली नाही, नुसती बघत राहिली. मागे मशीनने नाव पुरं केलं, ठिपका आपल्या जागी गेला, पंखा थांबला. कारखान्यात आता फक्त त्याच्या बोटांचा सदऱ्याला घासल्याचा आवाज येत होता, आणि तो अजून त्याच बटणावर होता.

शेवटी ती उठली. त्याचे दोन्ही हात अलगद बाजूला केले आणि खालपासून एकेक बटण लावत आली, प्रवासाला निघालेल्या माणसाची लावतात तशी, थेट गळ्यापर्यंत.