आखणीचा कुंचला

पेणजवळच्या हमरापुरात मृणालीच्या कारखान्यात गणपतीच्या मूर्तीला रंग कुणीही मारावा, डोळे मात्र तिनेच काढायचे. याला तिथे आखणी म्हणतात. आखणीचा बारीक कुंचला ती अंबाड्यात खोचून ठेवते, जेवतानाही काढत नाही. नवरा हर्षद लग्न झाल्यापासून मागे लागलाय, एकदा तरी मला डोळे काढू दे म्हणून. बिचारा सोंड अशी रंगवतो की बघत राहावं, पण डोळ्यांचा विषय निघाला की बाईचं उत्तर ठरलेलं, "पुढच्या वर्षी."

अशी ही काटेकोर बाई ईमेलच्या बाबतीत मात्र अगदीच भोळी निघाली. परदेशातल्या मंडळांच्या ऑर्डरी मेलवर येतात आणि त्या गर्दीत एखादी हरवली की तिचा जीव खालीवर होतो. गेल्या महिन्यात तिला एक ॲप सापडलं. सगळे मेल नीट लावून देईन म्हणालं, मेलचा पासवर्ड तेवढा मागितला. मृणालीने हसत हसत देऊन टाकला. पुढे आठवडाभर घरादाराला ॲपचं कौतुक ऐकावं लागलं.

मग एका दुपारी फोनवर इशारा आला, तुमच्या मेलच्या खात्यात कुणीतरी परदेशातून शिरलंय. वर्षाची सगळी गिऱ्हाइकं त्या खात्यात होती. तिने दिराच्या मुलीला, किमयाला, हाका मारून बोलावलं. पोर पेणला कॉलेजात कॉम्प्युटर शिकते.

"चोर नाय गो काकी, तुझं ॲपच हाय," फोन चाळत किमया म्हणाली. "पासवर्ड तूच दिलास ना? त्यांचं मशीन तिकडं बसून तुझे मेल उघडतं."

"म्हणजे माझं सगळं त्यांच्या हातात?"

"व्हय. वाचतात की नाय, ते आपल्याला कसं कळणार?"

"यापरीस चोर बरा," मृणाली म्हणाली. "त्याला आपण बोलवत तरी नाय."

पासवर्ड बदलला. ॲपने लगेच नवा मागितला, तेव्हा मृणालीने ते फोनवरून काढूनच टाकलं. किमयाने मेलमध्येच ऑर्डरींचा वेगळा कप्पा करून दिला.

हर्षद सोंड रंगवता रंगवता सगळं ऐकत होता. "बरं हाय," तो म्हणाला. "ज्याचं तोंड नाय बघितलं त्याला पासवर्ड, नि घरच्या माणसाला कुंचला नाय."

तो चेष्टेतच बोलला, पण मृणालीला ते लागलं, कारण ते खरं होतं. मग तिने घरच्या पूजेसाठी ठेवलेली लहान मूर्ती त्याच्यापुढे सरकवली आणि अंबाड्यातला कुंचला काढून त्याच्या हातात दिला.

हर्षदने कुंचला रंगात बुडवला. उजवा डोळा छान उतरला, डावा जरा मोठा झाला. त्याने भीत भीत बायकोकडे पाहिलं. मृणालीची बोटं शिवशिवली. डोळा सारखा करायला तिला एक क्षण पुरला असता. तिने हात पदरात गुंडाळून घेतला.

"राहू द्या तसाच," ती म्हणाली. "आपल्या घरचा हाय."

कुंचला त्या दिवशी तिने परत मागितला नाही.