लॉकरमधली डबी

आमच्या लॅबच्या दाराशी लॉकर आहेत. आत जाण्यापूर्वी अंगठी, घड्याळ, गळ्यातलं, सगळं काढून ठेवायचं. चालू बोर्डावर साखळी लोंबली तर बोर्ड जळतो. मी मंगळसूत्र सुपारीच्या रिकाम्या डबीत ठेवत असे. सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्या पुष्कळ दिवस धुसफुसत होत्या. सवाष्णीनं असं रोज काढायचं का! शेवटी नवरा जेवता जेवता म्हणाला, "आई, ते डबीत असलं की मी सुट्टीवर. संध्याकाळी परत ड्यूटीवर हजर." त्या हसल्या नाहीत, पण बोलणं थांबलं. मी घरी आले की त्या आधी माझ्या गळ्याकडे बघत, मग चहा टाकत.

माझं काम बोर्ड तपासायच्या सॉफ्टवेअरचं. हल्लीच्या चिपांचे पाय त्यांच्या पोटाखाली असतात, तिथे सुई टेकवता येत नाही. म्हणून आम्ही त्यांना एका साखळीत जोडून आतूनच हाक मारतो. प्रत्येक चिपेनं आपला नंबर सांगायचा आणि मागचीचा पुढे सरकवायचा. याला बाउंडरी स्कॅन म्हणतात. नवऱ्याला मी हे समजावलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे शाळेतली हजेरीच की."

त्या दिवशी माझ्या टेबलावरच्या बोर्डाची हजेरी निम्मीच लागत होती. तिसऱ्या चिपेपासून मागे सगळ्या गप्प. तेवढ्यात लॅबचा फोन वाजला. चिक्कडपल्लीच्या बाजारात भाजी घेताना नवरा कोसळला होता. सहकाऱ्यानं मला गाडीत घातलं, माझी पर्स आणली. दवाखान्यात पोचले तेव्हा सगळं संपलेलं होतं.

त्याला विद्यानगरच्या घरी आणलं. सासरची परभणीकडची मंडळी जवळ बरकतपुऱ्यातच राहते, ती लगेच आली. बायका माझ्याभोवती बसल्या आणि चुलतसासूबाई एकदम म्हणाल्या, "गळा मोकळा कसा गं हिचा?" मी गळा चाचपला. तेव्हा दिसलं, मनगटावर लॅबमध्ये अंगातली वीज उतरवायला बांधतात तो अर्थिंगचा पट्टा तसाच होता, त्याची वेटोळ्याची वायर लोंबत होती. डबी लॉकरमध्ये राहिली होती. मी बोलायला तोंड उघडलं, त्याआधी सासूबाई म्हणाल्या, "मीच काढून घेतलं, आल्या आल्या." त्यांनी मला तोवर हातसुद्धा लावला नव्हता.

मला काही वाटलं नाही, हे मी सरळच लिहिते. रडू आलं नाही. वाढलं ते जेवले, सांगितलं तिथे बसले. एकच गोष्ट आत टोचत राहिली. तो गेला तेव्हा माझा गळा मोकळा होता, आणि हे फक्त त्यांना ठाऊक होतं. चार लोकांत त्यांनी झाकून नेलं. पण त्यानंतर त्या माझ्याशी कामापुरतंही बोलेनात. मनात मलाच दोष देत असणार, असं मी धरून चालले.

पंधरवड्यानं कामावर गेले. दाराशी सवयीनं हात मानेमागे गेला. लॉकर उघडला, डबी होती. लॉकर लावून आत गेले. तो बोर्ड कुणी हलवला नव्हता. दुपारपर्यंत दोष सापडला: मागच्या चिपा चांगल्याच होत्या, मधला एक सोल्डरचा डाग कच्चा होता, त्यामुळे त्यांचं उत्तर पुढे येत नव्हतं. डाग दिला, हजेरी पूर्ण लागली. एरवी मी खूश झाले असते.

संध्याकाळी डबी घरी आणली. सासूबाई ओट्याशी होत्या. त्यांनी आधी माझ्या गळ्याकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली. मी डबी त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, "आई, त्या दिवशी तिकडेच राहिलं. तुम्ही काय बोलायचं ते बोला."

त्यांनी डबी उघडली नाही. पदराला हात पुसून नुसती जवळ ओढली.

"कशाला आणलीस गं?" त्या म्हणाल्या. "मला ठाव व्हतं ते तिथंच असंल म्हणून. इतके दिवस मनाला सांगत व्हते, ते डबीत हाय, म्हंजे त्यो सुट्टीवर हाय. तुझ्याशी बोलले असते तर तू आणून दिली असतीस."

मग त्यांनी चहा टाकला. मी ओट्याला टेकून खाली बसले आणि तेव्हा मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी मी डबी परत नेऊन लॉकरमध्ये ठेवली.